राखलेले पाणी

ते शहर एका वाटीच्या तळाशी वसलेले होते. तीन बाजूंना टेकड्या होत्या, चौथ्या बाजूला मातीचा उंच बांध, आणि बांधापलीकडे नदी. नदीचे पात्र शहरापेक्षा उंचावर होते. त्यामुळे पाऊस पडला की पाणी सगळीकडून आत येई, पण बाहेर जायला त्याला वाट नसे. ते गल्ल्यांतून भरत जाई, काही दिवस मुक्काम करी, आणि मग ऊन आणि जमीन मिळून त्याला हळूहळू पिऊन टाकत.

टेकडीच्या उतारावर बगळे राहत. त्यांच्या खाली खारी आणि साळिंदरे, त्यांच्या खाली मुंगसे, आणि अगदी तळाशी, जिला तळआळी म्हणत त्या गल्लीत, घुशी आणि बेडूक. पुराच्या बाबतीत या सगळ्यांच्या दोन रीती होत्या. त्या इतक्या जुन्या होत्या की कोणी त्यांना रीत म्हणतही नसे.

पहिली अशी, की पाणी दाराशी आले की ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यापुढे मातीचा बंधारा घालायचा आणि आत शिरलेले पाणी उपसून बंधाऱ्याबाहेर टाकायचे. बाहेर म्हणजे अर्थातच खालच्या घराच्या दिशेने. याला ते 'पाणी पुढे करणे' म्हणत. त्यात दुष्टपणा नव्हता. खालच्या शेजाऱ्याने हाक मारली तर वरचा त्याला उपसायला आपले भांडे उसने देई.

दुसरी रीत अशी, की ज्या घरातले कोणी पुरात गेले, त्या घराने त्याला नेणारे पाणी उपसायचे नाही. पूर ओसरला की घरातल्या सर्वांत खोल खोलीत उरलेले पाणी तसेच राहू द्यायचे, दार मातीने लिंपून घ्यायचे आणि वर एक लहानसा झरोका ठेवायचा. याला 'पाणी राखणे' म्हणत. राखलेले पाणी टाकणे म्हणजे गेलेल्याला घराबाहेर काढणे, अशी सर्वांची समजूत होती. अशा घरात गेले की लोक हळू आवाजात बोलत, आणि त्या पाण्याविषयी सोडून इतर सगळ्या गोष्टींविषयी बोलत.

वर्षे गेली तशी अशी घरे वाढली. आणि दर पावसाळ्यात पूर आधीच्यापेक्षा लवकर येऊ लागला. थोड्या पावसातही गल्ल्या तुडुंब भरत. आभाळच बिघडले आहे, असे म्हातारे म्हणत. जमिनीखालच्या किती खोल्या आधीच भरलेल्या आहेत हे कोणाच्या मनात आले नाही, कारण त्या खोल्या मनात आणायच्याच नाहीत असे ठरलेले होते.

तळआळीच्या टोकाला, जिथे शहराची जमीन सर्वांत खाली जाते, तिथे रुमणी नावाची घूस राहत होती. तिचा नवरा म्हातारपणाने गेला होता. मुलगी, लव्ही, पुरात गेली. त्या दिवशी लव्ही खालच्या खोलीत झोपली होती आणि रुमणी बंधाऱ्यासाठी माती आणायला गेली होती. वरच्या प्रत्येक घराने आपापले पाणी पुढे केले. रुमणी तोंडात माती घेऊन परतली तेव्हा खालच्या खोलीचे दार पाण्याखाली गेले होते.

तिने पाणी राखले. दार स्वतःच्या हातांनी लिंपले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती झरोक्यापाशी बसे आणि दिवसभरातले काही सांगे. बेडकीणबाईंना पुन्हा अंडी झाली आणि आता नावे सुचत नाहीत म्हणून त्या पहिल्याच मुलांची नावे परत ठेवताहेत. साळिंदराच्या मुलाचे लग्न झाले, पण त्याला मिठी मारायला कोणी पुढे होईना. पाणी काळे आणि स्थिर असे. ते सगळे ऐकून घेई आणि काहीही म्हणत नसे.

तिच्या घरापासून एक पायरी वर मुंगसाचे घर होते. त्या दिवशी त्यानेही आपले पाणी पुढे केले होते. हे त्याला ठाऊक होते आणि तिलाही ठाऊक होते. तेव्हापासून तो रोज तिच्या दाराशी काही ना काही आणून ठेवी, कधी कंद, कधी भुईमुगाच्या शेंगा. ती ते घेई. दोघांमधले बोलणे तेवढ्यावरच थांबे.

मग एका वर्षी पूर इतका चढला की खारींच्या घरांतही बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाणी शिरले, आणि खारी टेकडीवर जाऊन ओरडू लागल्या. थोरला बगळा नगराचा प्रमुख होता. त्याने सभा बोलावली आणि जाहीर केले की शहरासाठी एक उपसाघर बांधायचे. मोठा रहाट बसवायचा, त्याला गाडगी बांधायची, रेड्याने तो फिरवायचा, आणि गाडग्यांतले पाणी पन्हळीतून बांधावरून पलीकडे नदीत सोडायचे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. रेड्याला कोणी विचारले नाही, पण त्यानेही मान हलवली.

उपसाघर टेकडीवर बांधले गेले. बगळ्याचे म्हणणे असे होते की पुरावर इलाज करणारी वास्तूच पुरात बुडाली तर ते शोभणार नाही. शिवाय तिथून ती सगळ्यांना दिसेल. काम देखणे झाले. उद्घाटनाच्या दिवशी रहाटाला उपसायला काहीतरी हवे म्हणून खारींनी खालून भांडी भरभरून वर पाणी नेले. गाडगी चमकत वर आली, पाणी पन्हळीत पडले, सगळे भारावून गेले.

त्या वर्षी भर पावसाळ्यात तळआळी पुन्हा भरली. टेकडीवर रेडा दिवसभर रहाट फिरवत होता आणि गाडगी रिकामी खाली जाऊन रिकामी वर येत होती.

"कसं चाललंय?" बगळ्याने येऊन विचारले.

"झकास, रावसाहेब," रेडा म्हणाला. "इतकं हलकं काम मी जन्मात केलं नाही."

"फिरतंय ना?"

"फिरतंय तर! तुम्ही म्हणाल तर उलटं पण फिरवतो. तेवढाच फरक पडेल."

खाली मुंगसाची बायको आपली नुकतेच डोळे उघडलेली पिल्ले एकेक करून छपरावर नेत होती. शेवटचे पिल्लू तिच्या तोंडातून निसटले. पाण्यात वाहत चाललेले ते रुमणीने शेपटीला धरून काढले. त्याने पाणी ओकले, शिंकले आणि रडू लागले. रुमणी त्याला आईच्या हवाली करून घरात गेली.

पूर ओसरल्यावर बगळ्याने नदीकाठच्या खंड्याला बोलावून घेतले. वरून बघून पाण्याची खोली ओळखण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. खंड्याने टेकडीवरचा रहाट पाहिला आणि बराच वेळ चोच घट्ट मिटून धरली.

"हसायचं असेल तर हसून घ्या," रेडा म्हणाला. "आमचं हसून झालंय."

"रहाट चांगला आहे," खंड्या म्हणाला. "जागा चुकली. पाणी जिथं आपण होऊन जातं तिथं उपसाघर पाहिजे. म्हणजे शहराच्या सर्वांत खोल जागी. तिथं विहिरीसारखा खड्डा पाहिजे. आणि पाऊस येण्याआधी तो रिकामा पाहिजे. भरलेल्या खड्ड्याचा उपयोग नाही."

तो उडाला, शहरावरून फिरला, तळआळीवर थांबला आणि सरळ खाली उतरला. जिथे उतरला ते रुमणीच्या घराचे छप्पर होते.

खबर सभेत पोचली. घुशींनी जमिनीकडे पाहिले. बगळ्याने एक पाय खाली ठेवून दुसरा उचलला.

"तिला सांगणार कोण?" खारीने विचारले.

सगळ्यांनी मुंगसाकडे पाहिले.

मुंगूस संध्याकाळी गेला. आज तो शेंगा घेऊन गेला नव्हता, आणि त्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. रुमणी झरोक्यापाशी बसली होती.

"वहिनी, येऊ का?"

"आलाच आहात, भावजी. बसा. पिल्लू कसं आहे?"

"बोंबलतंय. घर डोक्यावर घेतलंय." तो बसला. "खंड्या आला होता."

"छपरावर उतरला तेव्हाच समजले मी."

"तो म्हणतो..."

"तो काय म्हणतो ते मला कळलंय. मी घर देईन, भावजी. दोन्ही वरच्या खोल्या देते, अंगण देते. ही खोली नाही."

"ही खोलीच सर्वांत खाली आहे."

"म्हणून तर ती तिथं गेली," रुमणी म्हणाली.

मुंगसाने मान खाली घातली. तो म्हणाला, "त्या दिवशी मी..."

"नका बोलू." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही पुढं केलं नसतं तर तुमच्या वरच्याने केलंच होतं. आता घरी जा. पिल्लांना भूक लागली असेल."

दुसऱ्या दिवशी मुंगसाने सभेला सांगितले की वहिनींची खोली मिळणार नाही, पण त्याचे स्वतःचे अंगण तिच्या भिंतीला लागून आहे, ते घ्यावे आणि हवे तितके खोल खणावे. खंड्याने जागा पाहिली, नापसंतीने मान हलवली, पण हो म्हणाला. घुशींनी आणि साळिंदरांनी खणायला घेतले. रेडा माती ओढून बाहेर नेऊ लागला. खड्डा खोल होत गेला. माती आधी भुरी होती, मग तपकिरी, मग काळी.

तो रुमणीच्या खोलीच्या तळाइतका खोल गेला तेव्हा तिच्या बाजूच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले. खणणाऱ्यांनी तिथे माती थापली. पाणी बाजूने आले. तिथेही थापली. ते खालून आले. एका साळिंदराने भांडे भरले आणि उपसायला वर उचलले.

"थांब," कोणीतरी म्हणाले. "ते लव्हीचं पाणी आहे."

साळिंदराने भांडे होते तिथेच ठेवले. सगळे एकेक करून खड्ड्याबाहेर आले आणि काठावर उभे राहिले. पाय झटकावेत की नाहीत हेही कोणाला कळेना. पाणी मात्र कोणासाठी थांबले नाही. खड्ड्याचा तळ भिजला, मग झाकला गेला.

रुमणी आली. तिला वाट मागावी लागली नाही, सगळे आपोआप बाजूला झाले. ती खड्ड्यात उतरली, भिंतीपाशी गेली आणि पाझरत्या जागेला नाक लावून बसली. मग तिने पाण्यासोबत आलेला गाळ पंज्यात घेतला आणि चोळून पाहिला.

"खंड्या," तिने वर न बघता विचारले, "या शहरात तांबडी माती कुठं आहे?"

"टेकडीवर. बगळ्यांच्या उतारावर."

"आणि ही रेतीसारखी पिवळी?"

"खारींच्या आळीत."

"माझ्या लव्हीच्या खोलीला काळी माती आहे. सगळी काळी. मी खणलीय ती." तिने पंजा उघडून वर धरला. त्यात तीन रंगांचा गाळ होता. "हे तिच्या खोलीतून आलंय."

 ती बोलत राहिली, एखादी गोष्ट फार दिवस पाठ करून ठेवावी तसे.

"उन्हाळ्यात सगळीकडे भेगा पडायच्या. विहिरी आटायच्या. या खोलीतलं पाणी तसूभर हलायचं नाही. मी माती ओळखते, पाणी असं राहत नाही हे मला कळायला नको? पण मी म्हणायचे, ती थांबलीय. माझ्यासाठी थांबलीय." तिने पंजा खाली घेतला. "ते तुमचं सगळ्यांचं पाणी आहे. तुम्ही आपापल्या खोल्यांत राखलेलं. जमिनीतून झिरपत झिरपत सगळं इथं येत होतं. लव्हीचं पाणी केव्हाच कुठल्या कुठं गेलं असेल. मी इतकी वर्षं तुमच्या माणसांना बेडकीणबाईंच्या गोष्टी सांगत होते."

काठावर उभ्या असलेल्या थोरल्या बगळ्याने त्या तांबड्या गाळाकडे पाहिले. तो बराच वेळ दोन्ही पायांवर उभा होता.

"रहाट खाली आणा," रुमणी म्हणाली. आणि ती भिंत खणू लागली.

रहाट टेकडीवरून खाली आणायला फार कष्ट पडले, कारण वर नेताना तो परत आणावा लागेल असे कोणाला वाटले नव्हते. भिंत पडून खोली आणि खड्डा एक झाले आणि त्यांवर रहाट बसला. पन्हळ बांधापर्यंत गेली. गाडगी काळ्या पाण्यात उतरली. सगळे शहर जमले होते.

रेडा जुवाखाली उभा राहिला आणि हलेना.

"आता काय झालं?" बगळ्याने विचारले.

"रावसाहेब, रिकामं फिरवायला सांगा, वर्षभर फिरवतो. राखलेलं पाणी मी टाकणार नाही. माझ्याही घरी आहे."

"टाकायचं नाहीच," रुमणी म्हणाली. "नदीपर्यंत पोचवायचं. आणि गाडगं वर येईल तेव्हा नाव घ्यायचं. इतके दिवस आपण नाव घेतलंच नाही कोणाचं."

"कोणाचं घ्यायचं? कुठल्या गाडग्यात कोण, कसं कळणार?"

"नाही कळणार," ती म्हणाली. "ज्याला जे आठवेल ते."

रेड्याने पाऊल टाकले. रहाट करकरला. या खेपेला त्याच्या मानेवर ओझे आले आणि त्याने घोगरा हुंकार दिला. पहिले गाडगे भरून वर आले आणि ओतले गेले.

"लव्ही," रुमणी म्हणाली.

एवढेच. पुढची दोन-तीन गाडगी नावाशिवायच ओतली गेली. मग रेडा चालता चालता, मान न वळवता, म्हणाला, "माझा धाकटा भाऊ. सुंभ्या म्हणायचो त्याला." त्यानंतर खारींच्या बाजूने एक नाव आले. मग बेडकीणबाई बोलू लागल्या आणि थांबेचनात. काही नावे अशी होती की ती ऐकून शेजारी शेजाऱ्याकडे वळून पाहत होता. "तुमच्याकडे पण? कधी?" आणि मग ते दोघे कडेला जाऊन बसत, आणि त्यांच्यात चांगले मोठमोठ्याने बोलणे चाले, मध्येच हसणेही.

खड्डा रिकामा झाला. खंड्याने गल्ल्यांचे उतार आखून दिले आणि पाणी खड्ड्यात शिरायच्या तोंडाशी वेताची जाळी बसवली. आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती सर्वांत अवघड ठरली. पाणी खड्ड्याकडे यायचे तर प्रत्येकाने आपल्या दारापुढचा बंधारा काढायला हवा होता. सगळ्यांना ते पटले होते. सगळे एकमेकांच्या बंधाऱ्याकडे पाहत होते.

मुंगसाने आपला बंधारा फोडला. त्याची बायको पिल्लांना पोटाशी घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग तीही पिल्ले खाली ठेवून माती ओढू लागली. संध्याकाळपर्यंत तळआळीतले बंधारे गेले. खारींचे दोन दिवसांनी गेले. बगळ्यांना बंधारे नव्हतेच, पण त्यांनी आपल्या उतारावर चर खणून दिले.

मोठा पाऊस श्रावण संपता संपता आला. पाणी टेकड्यांवरून उतरले आणि त्याला अडवणारे काही नसल्यामुळे सरळ तळआळीकडे धावले. खड्डा भरू लागला, रहाट फिरू लागला, भरलेली गाडगी एकामागून एक वर येऊन पन्हळीत रिती होऊ लागली. रेडा दमला तेव्हा साळिंदरे जुवाला लागली. बगळाही लागला. वजनाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नव्हता आणि तसे रेड्याने त्याला सांगितलेही, पण तो हटला नाही.

दुपारी गाडगी अचानक रिकामी येऊ लागली. रेड्याला ते मानेवरच कळले.

"हलकं झालं!" तो ओरडला. "ए, हलकं झालं! मला हे हलकेपण चांगलं माहीत आहे!"

खड्डा रिता होत चालला होता आणि गल्लीत मात्र पाणी चढत होते. ते मुंगसाच्या उंबऱ्याला लागले आणि आत गेले. तिथे आता बंधारा नव्हता. खंड्याने वरून पाहिले. टेकडीवरच्या काटक्या, पाने आणि फांद्या वाहत येऊन जाळीवर बसल्या होत्या आणि तोंड बंद झाले होते. ते तोंड पाण्याखाली होते, रुमणीच्या जुन्या खोलीच्या दारापाशी.

"बंधारे घाला!" कोणीतरी ओरडले. "अजून वेळ आहे, घाला!" दोघेतिघे माती आणायला धावलेही.

रुमणी पाण्याच्या काठावर उभी होती. त्या दारापुढे ती अशी उभी राहिली होती त्याला बरीच वर्षे झाली होती, आणि तेव्हाही ते दार असेच पाण्याखाली होते. तिने मागे वळून पाहिले. मुंगूस तिथेच होता.

"भावजी, माझी शेपटी धरा," ती म्हणाली. "आणि काही झालं तरी सोडू नका."

मुंगसाने दोन्ही पंज्यांनी शेपटी धरली. तिने बुडी मारली.

पाण्याखाली काही दिसत नव्हते. तिने पंज्यांनी चाचपले, फांदी सापडली, ती दातांत धरून ओढली. पहिली निघाली, दुसरी निघेना. पाणी तिला जाळीवर दाबत होते. वर मुंगसाचे पाय चिखलात घसरत होते. त्याच्या बायकोने त्याला कमरेला धरले, तिला बेडकीणबाईंनी धरले, आणि माती आणायला गेलेले दोघेतिघे मातीचे गोळे तिथेच टाकून मागे लागले. मग खालून काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. गल्लीतले पाणी एकदम ओढ घेऊन खाली निघाले, आणि फांद्यांचा एक मोठा गुंता वर आला, आणि त्याच्यामागे, सगळ्यांनी मिळून ओढलेली, रुमणी.

ती काठावर पडून राहिली. नाकातोंडातून पाणी वाहिले. मुंगसाने अजून शेपटी धरलेलीच होती.

"सोडा आता," ती म्हणाली. "तुटेल."

रहाटावरून रेड्याचा आवाज आला. "जड झालं!" तो आनंदाने ओरडत होता. "जड झालं रे!"

त्या वर्षी तळआळीत पाणी पावलांच्या वर गेले नाही. जाळीशी पहारा ठेवायला हवा हे कळले, आणि त्याच्या पाळ्या लागल्या. बगळ्यांच्या पाळ्या पावसात असत, कारण त्यांचे पाय लांब होते.

पाऊस उघडल्यावर लोक येऊ लागले. आधी एक म्हातारी खार आली, मडके पोटाशी धरून, पदराखाली काही लपवून आणावे तशी. तिने घरातले लिंपलेले दार फोडले होते. ती खड्ड्याच्या काठावर नुसती उभी राहिली. रुमणीने विचारले, "कोणाचं?" खारीने नाव सांगितले. मडक्यातले पाणी खड्ड्यात ओतले गेले, रेड्याने पाऊल टाकले, गाडगे वर आले. खार पन्हळीच्या कडेकडेने बांधापर्यंत चालत गेली आणि नदीत पाणी पडताना पाहून परत आली. जाताना ती रिकामे मडके तिथेच विसरली आणि मग हसत परत येऊन नेले.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी येई. रुमणी तेवढाच प्रश्न विचारी. कोणी एका शब्दात सांगे, कोणाला सांगायला सकाळ पुरत नसे. ज्यांना त्या दिवशी बोलवत नसे ते मडके झाकून घरी परत नेत आणि पुढे कधीतरी आणत. त्यांना कोणी काही म्हणत नसे. थोरला बगळा एका दुपारी एकटाच आला. त्याने जे नाव घेतले ते शहरात कोणी ऐकलेले नव्हते.

उन्हाळ्यापर्यंत शहराखालच्या बहुतेक खोल्या रिकाम्या झाल्या. काहींत लोकांनी धान्य भरले, काहींत मुले झोपू लागली.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा खड्ड्याच्या तळाचा गाळ काढायला रुमणी खाली उतरली. तळाला आता कोरड्या भेगा पडल्या होत्या. भिंती चारही बाजूंनी उंच होत्या आणि वर आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता. तिने गाळ खरवडला, पाटीत भरला, कोपरे झाडले. लव्हीची खोली कुठे संपत होती आणि मुंगसाचे अंगण कुठे सुरू होत होते, ते आता मातीवरूनसुद्धा सांगता येत नव्हते.

"वहिनी!" वरून मुंगसाने हाक मारली. "आभाळ भरलंय! या वर!"

"या वर," खड्डा म्हणाला. "वर."

रुमणीचा झाडू थांबला. तिने भिंतींकडे पाहिले. मग ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि फार मोठ्याने नाही, जेवायला बोलवावे तशी, म्हणाली, "लव्ही."

"लव्ही," रिकामी खोली म्हणाली. स्पष्ट, आणि तिने म्हटले होते त्याहून थोडे मोठ्याने.

वर ढग गडगडले. रुमणीने पाटी उचलली, शिडीने वर आली, आणि येणाऱ्या पाण्यासाठी खड्ड्याच्या तोंडावर उन्हाळ्यापुरती लावलेली फळी काढून ठेवली.